शब्बाथची प्लाटा, अर्न आणि टायमर : काय घ्यावं, काय टाळावं

शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, म्हणजे त्या दिवशी वीज कमीच जळत असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. मीटर वेगळंच सांगतो. बंद करता येत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी जे चालू केलं ते शनिवारी तारे दिसेपर्यंत चालूच राहतं: अन्न गरम ठेवणारी प्लाटा, पाणी उकळून गरम ठेवणारा अर्न, हॉलमधल्या ट्यूब, पंखे, एसी. सरळ २५ तास. अमेरिकेतली अदामा, ब्रिटनमधली इको-ज्युडाइझम (आधीची इको-सिनेगॉग) अशा संस्था सिनेगॉगांना, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांना, आपल्या ऊर्जेचा हिशेब मांडायला लावतात. शब्बाथ काटेकोर पाळणाऱ्या घराने हा हिशेब प्लाटा, अर्न आणि टायमर या तीन वस्तूंपासून सुरू करावा. बाकी सगळं नंतर.

प्लाटा म्हणजे अॅल्युमिनियमचा किंवा कडक काचेचा सपाट तवा, आत हीटिंग कॉइल. बटण नाही, रेग्युलेटर नाही, बहुतेकांना दिवाही नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. जिथे आच कमी-जास्त करता येते तिथे हात चाळवेल, निखारे ढवळल्यासारखं होईल, ही जुनी धास्ती. आच बदलताच येत नसेल तर ती धास्ती राहत नाही. पण याच सोयीमुळे प्लाटा ही विजेच्या दृष्टीने आडमुठी वस्तू आहे. स्वस्त मॉडेलांत थर्मोस्टॅट नसतो, फक्त थर्मल फ्यूज असतो. वर चार पातेली असोत की एक डबा, ती तेवढीच वीज खाते.

बाजारात साधारण दोन मापं दिसतात. ४० बाय ३० सेंटीमीटरच्या आसपासची छोटी, २०० ते २५० वॅटची. आणि ६० बाय ४० ची मोठी, ४०० ते ४५० वॅटची. २०० वॅटची २५ तास चालली तर ५ युनिट, ४५० वॅटची सव्वाअकरा युनिट. वर्षाचे ५२ शब्बाथ धरले तर २६० युनिट विरुद्ध ५८५. भारतातल्या विजेला युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे मोठ्या प्लाटाचे वर्षाला चारशे किलोच्या वर गेले, सणांचे दिवस वेगळेच. चार-पाच माणसांच्या घराला मोठी प्लाटा लागत नाही. ती घेतली जाते पाहुण्यांच्या हिशेबाने, आणि पाहुणे महिन्यातून एकदा येतात. आमचं मत स्पष्ट आहे: छोटी घ्यावी, पाहुण्यांच्या दिवशी शेजाऱ्याची मागून आणावी.

छोटी घेतली की पातेल्यांची मांडणी मात्र शिकावी लागते. मधला भाग सगळ्यात गरम, कोपरे बरेच थंड. जाड बुडाचं, सपाट पातेलं मध्ये. कडेला भाजी, चपातीचा डबा. गोल बुडाची कढई प्लाटावर निरुपयोगी, कारण तव्याला टेकतेच ती रुपयाएवढ्या जागेत. खरेदी केल्यावर एखाद्या साध्या वारी चाचणी घ्यावी: दोन लिटर पाणी उकळून झाकणासकट मध्ये ठेवायचं, चार तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजायचं. ६५ अंशांच्या वर असेल तर प्लाटा कामाची. ५५ असेल तर परत करावी, मग ती कितीही कमी वीज खात असो. हलाखाच्या, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या, भाषेत हाताला चटका बसेल असं तापमान ४५ अंशांच्या आसपास सुरू होतं. अन्न सुरक्षित राहायला मात्र किमान ६० लागतात. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यातलं मटण हाताला छान गरम लागतं आणि आत जंतू वाढत असतात.

आता टायमर. खरी बचत इथे आहे आणि खरे घोळही इथेच.

साधा यांत्रिक टायमर म्हणजे गोल तबकडी, कडेला १५ मिनिटांच्या ९६ खुंट्या. आत एक छोटी मोटर ग्रिडच्या ५० हर्ट्झवर फिरते. त्यामुळे लाइट गेली की घड्याळही थांबतं. अलिबाग-रेवदंड्याकडे पावसाळ्यात शुक्रवारी रात्री दोन तास लाइट गेली, तर शनिवारी सकाळी ९ ला चालू व्हायची प्लाटा ११ ला चालू होते, आणि तेव्हा कुणी हात लावू शकत नाही. दुसरी अडचण याहून जास्त लोकांना फसवते. तबकडी २४ तासांची, शब्बाथ २५ चा. शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ९ चालू अशा खुंट्या लावल्या, तर शनिवारी ५ लाही तीच प्लाटा पुन्हा तापायला लागते, बहुतेक वेळा रिकामी. शब्बाथच्या तिसऱ्या, शनिवार संध्याकाळच्या जेवणाला काही गरम हवं असेल तर ठीक, नाहीतर चार तासांची वीज फुकट.

म्हणून आठवड्याचा डिजिटल टायमर घ्यावा. वार निवडता येतो, आत छोटी बॅटरी असते, लाइट गेली तरी वेळ चुकत नाही. नवा आणला की आधी काही तास सॉकेटमध्ये लावून ठेवायचा, बॅटरी भरल्याशिवाय त्यात घातलेले कार्यक्रम टिकत नाहीत. त्यावर ऑन, ऑटो आणि ऑफ अशा तीन अवस्था असतात. शुक्रवारी घाईत ऑनवर राहिला तर सगळे कार्यक्रम गेले पाण्यात, प्लाटा २५ तास सुरू. आणखी एक बारकावा: ऑनवरून ऑटोवर आणला तर पुढची ठरलेली वेळ येईपर्यंत बरेच टायमर चालूच राहतात, ऑफवरून ऑटोवर आणला तर बंदच. तेव्हा आत्ता जे हवं आहे त्या अवस्थेतून ऑटोवर यायचं. काही मॉडेलांत दोन बटणं एकत्र दाबली गेली की उन्हाळी वेळ सुरू होऊन घड्याळ एक तास पुढे जातं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं चिन्ह दिसतं का ते बघावं. इस्राएलमध्ये ही सोय लागते, भारतात ती नुसती कटकट.

मुंबई-ठाण्याच्या घराला चालेल असा एक कार्यक्रम: शब्बाथ सुरू होताना दिवे लावतात, त्याच्या एक तास आधी चालू, त्यानंतर चार तासांनी बंद, शनिवारी सकाळी ९ ला चालू, दुपारी १ ला बंद. एकूण आठ तास. २०० वॅटच्या प्लाटाला १.६ युनिट लागतात, ५ च्या जागी. मुंबईत दिवे लावण्याची वेळ डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास आणि जुलैत सातच्या आसपास असते, म्हणून वर्षातून चार वेळा कार्यक्रम सरकवला की पुरतं.

पण हा कार्यक्रम लावायचा तर रात्रीचं अन्न प्लाटावर ठेवून झोपायचं नाही. प्लाटा बंद झाली की दीड-दोन तासांत पातेलं कोमट होतं, आणि सकाळपर्यंत तसंच राहिलेला रस्सा किंवा भात टाकूनच द्यावा. भाताचे जंतू पुन्हा गरम करून जात नाहीत, त्यांचं विष शिल्लक राहतं. नारळाच्या दुधातली कोंबडी तर याहून नाजूक: कोमट राहिली की आंबते, आणि प्लाटावर सलग ठेवली तर तेल वर येऊन दूध फाटल्यासारखं दिसतं. मांसासोबत दूध चालत नाही म्हणून बेने इस्राएलांच्या (कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) कालवणांत नारळाचं दूधच असतं, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे इतर ज्यूंपेक्षा जास्त येतो. उपाय एकच: शनिवारचा वाटा शुक्रवारी दुपारीच वेगळा काढून फ्रिजमध्ये ठेवायचा.

फ्रिजमधून काढलेलं अन्न शनिवारी प्लाटावर ठेवता येतं का, यावर रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) मतं फुटलेली आहेत. पूर्ण शिजलेलं, कोरडं अन्न (पुलाव, भाजलेली कोंबडी, चपाती) चालतं असं अनेक जण मानतात. रस्सा, सूप यांवर मतभेद मोठा आहे. रब्बी ओवादिया योसेफ यांनी टायमर सुरू होण्याआधी, प्लाटा बंद असताना पातळ पदार्थही ठेवायला मुभा दिली. बरेच अश्कनाझी (युरोपीय परंपरेचे) रब्बी ती देत नाहीत. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी तर दिव्यांखेरीज कशालाच टायमर नको असं म्हटलं होतं. तेव्हा टायमर विकत घेण्याआधी आपल्या हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) किंवा रब्बींना विचारावं, पैसे वाचतील. टायमरला मान्यता नसलेल्या घरात बचत फक्त छोट्या प्लाटानेच होईल, आणि ५८५ च्या जागी २६० युनिट हेही काही कमी नाही.

पातेल्याला चारी बाजूंनी टॉवेल गुंडाळून ऊब टिकवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नये. आचेवर असलेलं भांडं पूर्ण गुंडाळणं म्हणजे हतमाना, ते मना आहेच. शिवाय थर्मोस्टॅट नसलेल्या प्लाटावर कापड ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. २०१५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शब्बाथसाठी चालू ठेवलेल्या हॉट प्लेटमुळे लागलेल्या आगीत एकाच घरातली सात मुलं गेली. प्लाटाखाली कडप्पा किंवा फरशी, भिंतीपासून वीतभर अंतर, जवळ पडदा नाही, आणि स्वयंपाकघराबाहेर बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म. हे चारही पाळल्याशिवाय कोणतीही प्लाटा रात्रभर चालू ठेवू नये.

गॅसवर पत्रा ठेवून मंद आच चालू ठेवायची जुनी पद्धत अजून काही घरांत आहे. उत्सर्जनाच्या बाजूने बघितलं तर तिची आकडेवारी अनपेक्षित निघते. छोट्या बर्नरची सिमवरची आच साधारण ०.४ किलोवॅट धरली तर २५ तासांत १० किलोवॅट-तास उष्णता, म्हणजे पाऊण किलोच्या वर एलपीजी, म्हणजे सव्वादोन-अडीच किलो कार्बन डायऑक्साइड. मोठी प्लाटा त्याच वेळात आपल्या ग्रिडच्या विजेवर सात-आठ किलो टाकते. तेव्हा मोठ्या प्लाटापेक्षा गॅस बरा, हे खरं. तरीही आम्ही गॅस सुचवत नाही. वाऱ्याने ज्योत विझली तर घरात गॅस भरतो, खिडक्या बंद असतील तर कार्बन मोनॉक्साइड, आणि १४.२ किलोचा सिलिंडर फक्त शब्बाथवरच चार महिन्यांत संपतो. टायमरवरची छोटी प्लाटा ग्रिडच्या विजेवरही एका शब्बाथला किलोभरच टाकते.

अर्नबद्दल थोडक्यात: घेऊ नका. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. महाग पडतं ते उकळलेलं पाणी गरम ठेवणं. स्टीलच्या एकेरी भिंतीच्या अर्नमधून सतत शंभर-सव्वाशे वॅट उष्णता बाहेर जाते, २५ तासांत तीन युनिट. चार कप चहासाठी. त्यापेक्षा शुक्रवारी पाणी खळखळून उकळावं, दोन लिटरचे दोन चांगले व्हॅक्यूम थर्मास आधी गरम पाण्याने विसळून भरावेत, एक शुक्रवार रात्रीसाठी, दुसरा शनिवार सकाळपर्यंत न उघडता. चहाची दाट उकळी आधीच करून बाटलीत ठेवायची. सकाळी थर्मासमधलं पाणी उकळतं नसेल, पण चहा होतो. हाताने दाबायचा पंप असलेला थर्मास घ्यावा. विजेच्या पंपाचा अर्थातच चालणार नाही.

सिनेगॉगच्या किद्दूशला (प्रार्थनेनंतरच्या अल्पोपाहाराला) पन्नास माणसं असतील तर मात्र अर्न लागतो. तिथे दुहेरी भिंतीचा, नळाचा, शब्बाथ-मोड असलेला घ्यावा. शब्बाथ-मोड नसेल तर पाणी काढल्यावर थर्मोस्टॅट लगेच पेटतो आणि दिवा लागतो, त्यावर शंका घेतली जाते. अर्न लागेल एवढाच भरावा, पण खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये, नाहीतर सुरक्षा-कटआउट पडतो आणि शनिवारी तो परत दाबता येत नाही. बोअरचं पाणी असेल तर क्षार लवकर धरतात, हीटर पांढरा पडतो आणि गरम व्हायला जास्त वेळ घेतो. महिन्याने लिटरमागे २० ते २५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड (बाजारातलं लिंबूफूल) घालून उकळायचं, अर्धा तास ठेवून दोनदा विसळायचं.

सिनेगॉगचं बिल प्लाटापेक्षा दिव्या-पंख्यांवर जास्त जातं. वीस जुन्या ट्यूब चोकसह ५० वॅटच्या धरल्या तर २५ तासांत २५ युनिट. १८ वॅटच्या एलईडी लावल्या की ९. त्यांनाच आठवड्याचा टायमर लावून फक्त शुक्रवारची आणि शनिवारची प्रार्थना मिळून सहा तास चालवलं, की सव्वादोनच्या आत. दिव्यांना टायमर लावायला फाइनस्टाइन यांचीही हरकत नव्हती, त्यामुळे समितीत भांडण होण्याचं कारण नाही. इथे प्लगमधला टायमर वापरू नये. डीबीमध्ये (विजेच्या वाटप-पेटीत) डिन-रेलवर, म्हणजे आतल्या पट्टीवर, बसणारा घ्यावा आणि त्याच्यामागे कॉन्टॅक्टर (जास्त लोड पेलणारा स्विच). सोळा अँपिअर हा छापलेला आकडा हीटरसाठी असतो. मोटर, चोक किंवा एलईडीचे ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतात, टायमरचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मग दिवे बंदच होत नाहीत. वायरमनला हे आधी सांगावं, नाहीतर तो सरळ टायमरवरच सगळा लोड टाकतो.

पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले तर ७५ वॅटच्या जागी ३० च्या आसपास. मात्र रिमोटचे काही बीएलडीसी पंखे वीज परत आल्यावर बंदच राहतात, काही शेवटच्या वेगावर सुरू होतात. दुकानातच प्लग काढून-घालून बघावं. एसीलाही तोच नियम: ‘ऑटो रीस्टार्ट’ नसेल तर टायमर त्याला वीज देईल आणि तो ढिम्म बसून राहील. असला तरी कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं उशिराने लागतो, ती वेळ धरून चालावी.

छपरावर सोलर बसवण्याची चर्चा आता बऱ्याच समित्यांत चालते. महाराष्ट्रात एका किलोवॅटला रोज सरासरी चार युनिट मिळतात आणि दहा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. सिनेगॉग आठवड्यात मुख्यतः एकच दिवस वापरला जातो, म्हणून पॅनेलचा आकार शनिवारच्या लोडवर ठरवू नये, वर्षाच्या एकूण युनिटवर ठरवावा. नेट मीटरिंगमुळे बाकीच्या दिवसांची वीज ग्रिडला जाते. शब्बाथच्या दिवशी वीज विकल्यासारखं होतं का, हा प्रश्न येतोच. हिशेब बिलाच्या पूर्ण महिन्याचा होतो, एका दिवसाचा वेगळा नाही, या आधारावर तो सोडवला जातो. तरी तो रब्बींकडून लेखी घेतलेला बरा. आणि लाइट गेली की ग्रिडवरचा इन्व्हर्टर स्वतःही बंद होतो, ऊन कितीही असो. बॅटरी नसेल तर सोलर म्हणजे जनरेटर नव्हे, हे आधी कळलेलं बरं.

इस्राएलमध्ये याच गोष्टीला मोठं रूप आलेलं आहे. शब्बाथला ज्यू कामगारांनी तयार केलेली वीज नको म्हणून बने ब्राकसारख्या शहरांत इमारतीखाली डिझेल जनरेटर चालतात, धूर आणि आवाजासकट. सरकारने आता शुक्रवारआधी भरून ठेवायच्या मोठ्या बॅटऱ्यांची वाट धरली आहे. याउलट पाण्याच्या बाबतीत तिथे केव्हाच उत्तर सापडलं: १९८० च्या कायद्याने नव्या घरांवर सौर बंब सक्तीचे झाले. शब्बाथला त्याचं गरम पाणी वापरावं का, यावर दोन मतं आहेत, पण विजेचा बॅकअप बंद ठेवला तर वापर सूर्याचाच. कोकणात छपरावर बंब असेल तर बॅकअपचं बटण शुक्रवारी दुपारी पाडायला विसरू नये. एवढंच काम.

आशदोद, लोद किंवा दिमोनातून नातेवाईक प्लाटा घेऊन येतात, ती चालते: तिथलाही व्होल्टेज २३०, फ्रीक्वेन्सी ५०. अडतं ते प्लगवर. इस्राएली तीन पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, आणि स्टेशनबाहेर मिळणाऱ्या दहा-वीस रुपयांच्या अॅडॉप्टरमध्ये अर्थिंग जोडलेलं नसतं. अॅल्युमिनियमच्या अंगाच्या, रात्रभर चालणाऱ्या वस्तूला अर्थिंग नाही हे चालणार नाही. प्लग कापून वायरमनकडून भारतीय तीन पिनांचा प्लग-टॉप बसवून घ्यावा, हिरवी-पिवळी तार मोठ्या पिनेला. ४५० वॅटलाही दोन अँपिअरच्या आत करंट लागतो, त्यामुळे ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं, फक्त ते सैल नसावं. अमेरिकेतून आलेली १२० व्होल्टची प्लाटा मात्र लावूच नये: २३० व्होल्टवर ती साडेतीन पटींहून जास्त वीज ओढते आणि फ्यूज उडायच्या आधी कॉइल जळते. तिच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा इथे छोटी नवी घेणं स्वस्त पडतं.